लवू पाडेल्याचं ऑपरेशन

आमच्या तोंडवलीत लवू हडकर माडावर चढला की अर्ध्या वाडीला कळायचं. शेंड्यावर पोचल्यावर तो आधी ओरडायचा, "खाली कोण नाय मां?" खालून कोणीतरी "नाय रे, टाक!" म्हणेपर्यंत त्याची कोयती नारळाच्या देठाला लागत नसे. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा माणूस, आणि लवूचा बापही पाडेलीच होता. पायाला काथ्याची दोरी अडकवून, कमरेला कोयती लावून, साठ फुटांचा माड तो असा चढायचा की आपण घराचा जिना चढतोय असं वाटावं. वारा सुटला की शेंडा हलायचा आणि त्याच्याबरोबर हाही हलायचा. खाली उभा माणूस चार पावलं मागे सरायचा, वर हा सुपारी चघळत असायचा.

सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी डीएड करून गावच्याच शाळेत मास्तर झालो आणि लवू माडावर गेला. शाळेत टोचणी द्यायला माणसं आली की लवू खिडकीतून उडी मारून सुरूच्या बनात पळायचा. एकदा तर संध्याकाळपर्यंत परत आला नाही. उंचीला न भिणारा हा माणूस सुईला भीत असे, आणि ते त्यानं कधी लपवलंही नाही.

चौऱ्याण्णव साली त्याचं लग्न झालं. शेवंती कांदळगावची. अंगानं काटकुळी, पण हसायला लागली की विहिरीवरच्या बायका रहाट सोडून तिच्याकडे बघत बसायच्या. लवूचा तिच्यावर जीव होता आणि तोही त्यानं लपवला नाही. रोजच्या कामातलं पहिलं अडसर, म्हणजे कोवळं शहाळं, तो कोणालाच देत नसे. ते घरी जायचं. त्याची आई नर्मदाकाकी यावरून कुरकुरायची. "बाईल काय पळून जाता? उद्या दी." लवू म्हणायचा, "उद्याचा उद्या देतंय."

सिद्धेश झाला, मग नम्रता झाली. दोन्ही बाळंतपणं शेवंतीला जड गेली. नंतर तिनं तांबी बसवून घेतली तर अंगावरून जायला लागलं, म्हणून काढावी लागली. गोळ्या घेतल्या तर डोकं धरून पडून राहायची. असं करता करता दोन हजार तीनच्या श्रावणात तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलं. तेव्हा तिला टेम्पोत घालून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. टेम्पोच्या मागच्या बाजूला लवू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होतो. मागून त्याचा एकच शब्द ऐकू येत होता, "डोळे उघडे ठेव गो. उघडे ठेव." ती वाचली. पण त्या दिवसापासून तिचं हसणं कमी झालं. संध्याकाळ झाली, अंथरूण घालायची वेळ आली की ती गप्प होते, असं लवू मला म्हणाला. त्याहून जास्त विचारायची मला गरज पडली नाही.

हिवाळ्यात शेवंतीनंच ठरवलं की ऑपरेशन करून टाकायचं. तपासणीला दोघं त्याच दवाखान्यात गेली. रक्त तपासल्यावर पराडकर सिस्टर म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्तच नाही. आता पोटावर ऑपरेशन करणं बरोबर नाही. गोळ्या देते, चार-सहा महिन्यांनी या." आणि मग लवूकडे बघून सहज म्हणाल्या, "तुमचं का करत नाही? पुरुषांचं सोपं असतं. बिनटाक्याचं. त्याच दिवशी घरी."

स्टँडवर आचऱ्याच्या गाडीची वाट बघत दोघं बसली. गाडी उशिरा होती. बराच वेळ समोरच्या उसाच्या रसाच्या चरकाकडे बघत राहून लवू म्हणाला, "माझाच करूया."

हे मला पुढे शेवंतीनं सांगितलं. ती म्हणाली, "मास्तरांनू, माका वाटला ह्यो रसाबद्दल बोलता."

घरी कळल्यावर नर्मदाकाकीनं चूल तशीच सोडली आणि दारापुढच्या खळ्यात येऊन बसली. तिच्या भीतीलाही कारण होतं. आणीबाणीच्या वेळी तिचा भाऊ धरपकडीला भिऊन चार दिवस काजूच्या बागेत लपून राहिला होता. तेव्हापासून नसबंदी हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. "बायलमाणसांचा काम बायलमाणसांनी करूचा," ती म्हणाली. "माझो एकुलतो एक झील. तेची ताकद गेल्यार माडार कोण चढतलो? तू?" हे शेवंतीला उद्देशून होतं. शेवंती तांदूळ निवडत राहिली.

"आये, तिका कित्याक बोलतस?" लवू म्हणाला. "माका सांग काय तां."

"तुका सांगान उपेग काय!"

महादूच्या चहाच्या दुकानावरही हा विषय पोचला. महादू माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या दुकानात चहापेक्षा बोलणं जास्त उकळायचं. कोणी म्हणालं, आवाज बारीक होतो. कोणी म्हणालं, कंबर जाते. महादू कपबशी विसळत म्हणाला, "लवू, तुझ्या धंद्यात मांड्यांचो जोर लागता. मगे अर्ध्या माडार अडाकलंस तर आमी काय शिडी लावूक येवचा?" सगळे हसले. लवूही हसला. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, माझ्यावांगडा दवाखान्यात येशीत? माका डॉक्टराक विचारूचा आसा. एकट्याक जीभ उचलणा नाय."

डॉक्टर तरुण होते, वानखेडे नावाचे, अमरावतीकडचे. आमची मालवणी त्यांना अर्धीच कळायची, म्हणून लवूनं येताना सबंध वाटेत शुद्ध मराठीतलं एक वाक्य तयार केलं होतं. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं ते म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझं कामच वर चढण्याचं आहे. नंतर मला चढायला जमेल का?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मी घाईनं म्हणालो, "माडावर. नारळाच्या."

"अच्छा, माडावर!" डॉक्टर मोकळेपणानं हसले आणि मग खरंच नीट समजावून सांगायला लागले. कागदावर त्यांनी चित्र काढलं. बीज खाली अंडकोषात तयार होतं, दोन बारीक नळ्यांमधून वर येतं. त्या नळ्या बांधायच्या आणि मधून कापायच्या, बस. ताकद, आवाज, दाढी, इच्छा, यातलं काही त्या नळ्यांतून येत नाही; ते रक्तातून येतं, त्याला कोणी हात लावत नाही. जागा बधिर करायला एक इंजेक्शन, मग बारीकसं छिद्र, टाका नाही. वीसेक मिनिटांचं काम. दोन दिवस पडून राहायचं, आठवडाभर ओझं उचलायचं नाही, माडाचं नावही काढायचं नाही. थोडी सूज येईल, थोडं निळं पडेल, ठणकेल. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर मात्र लगेच यायचं.

लवूनं आवाज खाली आणला. "आणि ते... पाणी? येतं?"

"येतं. पहिल्यासारखंच. फक्त त्यात बीज नसतं."

"बरो," लवू म्हणाला. शुद्ध मराठी संपली होती.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," डॉक्टर म्हणाले. "एक, हे कायमचं आहे. पुढं मूल हवं वाटलं तर नळी परत जोडणं अवघड असतं आणि जमेलच असं नाही. तेव्हा दोघांनी बोलून या. आणि दुसरं, ऑपरेशन झालं की लगेच काम झालं असं नाही. तीन महिने निरोध वापरायचा. मग इथं येऊन तपासून घ्यायचं. मी हो म्हटल्यावरच मोकळे."

लवूनं मान हलवली. पण मला वाटतं, "इंजेक्शन" हा शब्द ऐकल्यापासून त्याच्या कानात पुढचं फारसं शिरलं नसावं.

शिमगा झाल्यावर तो गेला. मी रजा टाकली होती. आत जाताना त्यानं माझा हात असा धरला की माझी बोटं पांढरी पडली. अर्ध्या तासानं बाहेर आला तो सिस्टरांच्या खांद्याला हात न लावता, स्वतःच्या पायांनी, पण पाय फाकवून, भातशेतीच्या बांधावरून चालावं तसा. चेहरा मात्र खुललेला. पलंगावर पडल्या पडल्या त्यानं मला सगळं सांगितलं.

"सुई टोचली तेवा देव आठवलो. मुंगी नाय, मुंगळो चावल्यासारा झाला. मगे थंडगार. मगे कायच नाय. डॉक्टर माका विचारता, एका माडाक नारळ किती लागतत? मी सांगतंय तसो तो आपला काम करता. मधीच एकदा आतून कायतरी ओढल्यासारा झाला, हंय, पोटाच्या खाली. दुखाक नाय, पण मळमळला. म्हटला, झाला आता, मेलंय. तर तो म्हणता, चला, संपलं. माझे नारळ मोजून संपूक नाय होते!"

सिस्टरांनी चहा-बिस्किटं दिली, गोळ्या दिल्या, घट्ट लंगोट बांधून ठेवायला सांगितला, आणि कागदात गुंडाळलेली निरोधची पाकिटं त्याच्या पिशवीत घातली. तीन महिन्यांचं पुन्हा बजावलं. माझ्या एम-एटी गाडीवर बसवायला त्यांनी साफ मनाई केली, म्हणून आम्ही रिक्षा केली. आमच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा लवू "आये गे" म्हणून नोंदवत आला. घरी नर्मदाकाकी त्याच्याशी बोलली नाही. पण पेज तयार होती, सोबत भाजलेला सुका बांगडा होता, आणि पाटाऐवजी तिनं त्याला खुर्ची मांडली होती.

दुसऱ्या दिवशी सूज आली आणि जागा जांभळासारखी निळी झाली. डॉक्टरांनी हे होणार म्हणून सांगितलं होतं, तरी लवू घाबरला. शेवंती वाडीत फेरीला आलेल्या नर्सबाईंना बोलवून घेऊन आली. त्यांनी बघितलं, "असंच असतं, उतरेल," म्हणाल्या आणि वर त्यालाच झापलं, कारण तो उठून गोठ्यात जाऊन आला होता. चार-पाच दिवसांत खरंच उतरलं. त्या दिवसांत शेवंती त्याला हातात ताट देत होती. लवू मला म्हणाला, "मास्तर, लगीन झाल्यापास्ना मी तिका असा बसान कधी बघूक नाय. सकाळपास्ना रातीपर्यंत ता बायलमाणूस बसणा नाय रे."

आठवडा उलटल्यावर त्यानं महादूच्या दुकानामागचा माड निवडला. मुद्दामच. बातमी पसरली होती, दहा-बारा माणसं उगाचच चहा प्यायला आली. लवूनं दोरी पायात घातली, देवाला हात जोडले आणि चढला. मधे एकदा थांबला, तेव्हा महादूच्या हातातला चहा कलंडला. पण तो थांबला होता मुंगळे झटकायला. वरून आवाज आला, "खाली कोण नाय मां?" आवाज होता तसाच जाड होता. महादू पहिल्यांदा पुढे होऊन ओरडला, "नाय रे बाबा, टाक!"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं तसं गेलं नाही.

पावसाळ्याआधीचे दोन महिने पाडेल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. माड साफ करायचे, सुकलेली झापं, म्हणजे झावळ्या, काढायची, नारळ उतरवायचे. त्या धांदलीत लवूच्या मनानं एवढंच धरलं की ऑपरेशन झालंय, तर झालंय. पाकिटं थोडे दिवस वापरली. एका खोलीचं घर, मधे पोरं, पलीकडे आई. कागदाचा आवाज झाला तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग उरलेली त्यानं माळ्यावर झापांच्या मागे टाकली. शेवंतीलाही वाटलं, डॉक्टर लोक जास्तीचं सांगतच असतात. आणि कितीतरी दिवसांनी ती निर्धास्त झाली होती. विहिरीवर पुन्हा तिचं हसणं ऐकू यायला लागलं होतं.

मे संपता संपता एका सकाळी सावित्री मासे घेऊन आली. सावित्री टोपली डोक्यावर घेऊन चार वाड्या फिरायची, आणि माशांबरोबर बातम्याही ताज्या असायच्या. तिनं टोपलीवरचं केळीचं पान काढलं आणि पेडव्यांच्या वासानं शेवंती तोंडाला पदर लावून माडाच्या मुळाशी जाऊन ओकली. सावित्रीनं तिच्याकडे नीट बघितलं, मग काही न बोलता पान परत झाकलं. दुपारपर्यंत वाडीला माहीत झालं.

लोक काय बोलले ते लिहायला नको. कोणालाही सुचेल तेच बोलले. नवऱ्याचं ऑपरेशन झालेलं आणि बाईला दिवस. विहिरीवर शेवंती गेली की बायका एकदम पावसाच्या गोष्टी काढायच्या. नर्मदाकाकीनं तर तोंडावरच म्हटलं, "आमच्या घराण्यात असा कधी घडूक नाय." शेवंतीनं जेवण टाकलं. लवू समोर आला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. तिला त्याची भीती नव्हती. तो मनातून कुठेतरी हलला असेल का, एवढंच तिला बघायचं होतं, आणि बघवतही नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी लवू शाळेत आला. उन्हाळ्याची सुट्टी होती, मी एकटाच दाखले लिहीत बसलो होतो. आम्ही मागच्या पायरीवर बसलो.

"शेवंतीक दिस गेले," तो म्हणाला.

मी म्हणालो, "ऐकलं."

"म्हणजे तुझ्यापर्यंत पण इला." त्यानं पायरीवरचं वाळकं पान उचलून फेकलं. "मास्तर, लोक काय म्हणतत तां माका आयकाक येता. माझे कान शाबूत आसत. शेवंतीक मी धा वर्सा बघतंय. ती तशी नाय, हेच्यार माका इचार करूक लागणा नाय. मगे रवला काय? रवलंय मी. कायतरी माझ्यातच रवला. डॉक्टर तेवा कायतरी सांगी होतो, माका नीट याद नाय. तुका आसा?"

मला आठवत होतं. मी सांगितलं. तीन महिने, आणि तपासणी. अजून तीन महिने पुरे झाले नव्हते आणि तो तपासायलाही गेला नव्हता. लवूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आणि ती बिचारी माझ्यापायी चार दिस उपाशी!"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. या वेळी शेवंतीला बरोबर न्यायचंच असं त्यानं ठरवलं होतं. त्याचं बीज तपासलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि त्याला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. लवूनं एक डोळा मिटून पाहिलं.

"हलतत," तो म्हणाला.

"तुरळक आहेत, पण आहेत," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन चुकलेलं नाही. नळी जिथं कापली, तिच्या पुढच्या भागात आधीचं साठलेलं राहतं. ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून तर तीन महिने म्हणत होतो."

लवू विचार करत राहिला आणि एकदम म्हणाला, "विहिरीवरची मोटार बंद केली तरी पायपातला पाणी पडत रवता, तसा?"

डॉक्टरांनी ते मला विचारून समजून घेतलं. "अगदी तसंच," म्हणाले.

लवू बाहेर आला तो थेट बाकावर बसलेल्या शेवंतीपुढे उभा राहिला. दवाखान्यात गर्दी होती. तरी त्यानं सगळ्यांदेखत म्हटलं, "चूक माझी. डॉक्टरान दाखवल्यान माका. माझी चूक, गो." शेवंतीनं पदरात तोंड लपवलं आणि चार दिवसांचं सगळं रडणं तिथेच रडली. पराडकर सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि लवूला असं काही सुनावलं की बाळंतपणाच्या खोलीतल्या बायकाही दारात आल्या. तो ऐकून घेत होता.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हे ठेवायचं नसेल तर कायद्यानं तीही सोय आहे, आणि ठेवायचं असेल तर रक्त वाढवावं लागेल, दर महिन्याला यावं लागेल, बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यातच करावं लागेल. ठरवायचं त्यांनी. लवू शेवंतीकडे बघून म्हणाला, "ती सांगात तसा."

शेवंतीनं आठवडा घेतला.

त्या आठवड्यात पाऊस अजून लागला नव्हता. सकाळी विहिरीवर बायकांची गर्दी होती, शेवंती एका बाजूला हंडा घेऊन उभी होती, आणि शेजारच्या माडावर लवू झापं काढत होता. वरून आवाज आला, "खाली कोण नाय मां?"

"आमी आसंव रे! टाकू नको!" सावित्रीनं खालून ओरडून सांगितलं.

"तुमी आसात म्हणानच विचारतंय," लवू वरून म्हणाला. "आयका गो बायांनू. डॉक्टरान माका तीन म्हैने थांब म्हणान सांगितलेल्यान. मी थांबाक नाय. मोटार बंद केली तरी पायपातला पाणी पडता, ह्या माका कळाक नाय. पॉर माझा आसा. कोणाक अजून विचारूचा असात तर वर येवा, मी हंयसरच आसंय!"

विहिरीवरचा रहाट थांबला. मग एका म्हातारीला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. शेवंती लाजेनं लाल झाली आणि हंडा अर्धाच भरून निघाली. सावित्री तिच्या मागोमाग गेली. वाटेत तिनं टोपलीतले दोन सरंगे शेवंतीच्या हंड्याच्या झाकणावर ठेवले. "रक्त वाढूक होयां," एवढंच म्हणाली. माफी मागायची तिची रीत तीच होती.

आठवड्यानं शेवंतीनं सांगितलं, ठेवायचं. लवूनं का म्हणून विचारलं नाही. तिनं मात्र माझ्या बायकोला सांगितलं, "भय वाटता. पण ह्या खेपेक मी एकटी भियेत नाय, तोय भिता."

त्यानंतरचे महिने नर्मदाकाकीचे होते. पोर माझं आहे, असं मुलानं माडावरून सांगितल्यावर तिला बोलायला काही उरलं नव्हतं, आणि काम केल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. नाचणीची आंबील, तांबडी भाजी, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार, लोहाच्या गोळ्या. गोळी गिळेपर्यंत ती सुनेसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. भादव्यात लवूची पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी त्याला परत सूक्ष्मदर्शकातून बघायला दिलं. "कोण नाय," तो म्हणाला. आता खरोखरच काम झालं होतं.

जानेवारीत जिल्ह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. रक्ताची एक बाटली लागली, ती महादूनं दिली. त्याचा आणि शेवंतीचा रक्तगट एक निघाला याचं त्याला स्वतःलाच इतकं अप्रूप वाटलं की पुढे कितीतरी दिवस तो गिऱ्हाइकांना सांगत होता. मुलीचं नाव रिया ठेवलं. काळी, गुटगुटीत, आणि आवाज बापाचा. पुढे कोणी थट्टेनं विचारलं की ही कशी काय झाली रे, तर लवू तिला उचलून खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, "ह्यां माझा इसरलेला चेडू. डॉक्टराचा आयकलंय असतंय तर गावला नसता." तिला तो सगळ्यांत जास्त लाडावून ठेवायचा, आणि इतर दोघं त्यावरून भांडायची.

दवाखान्यात शिबिर असलं की सिस्टर लवूला निरोप पाठवायच्या. आचऱ्याहून, हडीहून, मसुऱ्याहून माणसं यायची, बाकावर एकमेकांकडे न बघता बसायची. लवू त्यांच्यामध्ये जाऊन बसायचा आणि डॉक्टरांनी सांगितलेलंच मालवणीत सांगायचा. सुई दुखते, तो कधी दुखत नाही म्हणाला नाही. दोन दिवस पडून राहा म्हणायचा, बायकोच्या हातचं बसून खा, तेवढ्यात ती दिवसभर काय करते तेही बघून घ्या. आणि तीन महिन्यांचं तो तीन-तीनदा सांगायचा. "माझ्याकडे रिया आसा. मी सुखी आसंय. पण तुमका नको असात तर थांबा!" नर्मदाकाकीही बायकांना सांगायला लागली होती. तिच्या भावाचं काजूच्या बागेतलं लपणं आता ती विनोद म्हणून सांगायची.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात एक दिवस शेवंती माझ्या घरी आली. नवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. म्हणाली, पोरांना आजीकडे ठेवून आम्ही दोघं आंबोलीला जातोय, धबधबा बघायला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. माहेर, दवाखाना आणि आचऱ्याचा बाजार याखेरीज ती कुठे गेलेली नव्हती. कधी पोटात मूल, कधी अंगावर, कधी आजारपण.

दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली. घाटात गाडी वळायला लागली तसा लवूनं पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला. दरीकडे बघायला तयार नाही. साठ फुटांच्या माडावर सुपारी चघळणारा माणूस डोळे मिटून बसला आणि सारखा कंडक्टरला विचारत राहिला, "अजून किती वळणा?" धबधब्याखाली ही भिजली, तो छत्री घेऊन टपरीत उभा राहिला. मग ही हात धरून त्याला ओढत घेऊन गेली, छत्रीसकट. छत्री उलटी झाली. दोघं चिंब झाली, भाजलेलं कणीस खाल्लं, आणि परतीच्या गाडीत खिडकी तिनं घेतली.

"येताना सबंध घाट झोपलो तो माझ्या खांद्यार," शेवंती म्हणाली. "मी काय झोपाक नाय. बघित रवलंय भायर." आणि सांगता सांगता हसायला लागली, तशी माझी बायको हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत राहिली.